जिम्नीला काय लावलं, काय काढलं: एक पावसाळा आणि स्पितीनंतरचा अनुभव

"गाडीला काय काय लावलंस?" या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. टायर बदलले, दोर घेतला, हवा भरायचा पंप घेतला. संपलं. गाडी पाच दारांची मारुती जिम्नी, मॅन्युअल गिअरची. पावसाळाभर वेल्हे-भोरकडच्या कच्च्या वाटा आणि सप्टेंबरात हिमाचलात मनालीहून स्पितीतल्या काझापर्यंत, असा तिचा वापर झाला. सोबत चित्रीकरणही होतं, आणि गाडीपेक्षा त्यानेच जास्त शिकवलं.

आधी गाडी. शिडीसारखी चेसी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, लो रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या गिअरचा, वेगळा दांडा. हे सगळं १.५ लिटर पेट्रोल इंजिनावर, आणि वजन साधारण १२०० किलो. या वजनातच तिची खरी करामत आहे. भाताच्या खाचरांलगतच्या वाटेवर जिथे जड एसयूव्ही ॲक्सलपर्यंत रुतते, तिथे ही वरच्यावर निघून जाते. मग हौसेने लोखंड लादून ते वजन वाढवायचं कशाला? विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र, गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची घ्यावी असा संकेत आहे. ती विंच, तिची प्लेट आणि लोखंडी बंपर मिळून पुढच्या ॲक्सलच्याही पुढे बराच भार लटकतो. शिवाय गाडीपुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी घातली आहे. छतावरचं कॅरिअर मी काही महिने वापरलं आणि काढलं. वर सामान चढलं की आडव्या उतारावर गाडी नको इतकी डोलते. मागच्या सीटमागे सामानाची जागा फक्त २०८ लिटरची आहे हे खरं, त्यामुळे आम्ही दोघंच जातो आणि मागची सीट पाडून ठेवतो.

टायर ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींना चालणारे, पण मूळ मापाचेच, १९५/८० आर १५. मोठे घातले की गिअर जड लागतात आणि स्पीडोमीटर खोटं बोलू लागतं. खरी जादू टायरच्या जातीत कमी आणि हवेत जास्त आहे. डांबरावर दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा ठेवायचा. चिखल लागला की हवेचा दाब १८ पीएसआयपर्यंत उतरवायचा. टायर पसरतो, जमिनीला लांब पट्टा टेकतो, आणि मघाशी चाक जागच्या जागी फिरत होतं ती चढण गाडी गुमान चढते. धोंड्यांवर मात्र एवढी हवा काढू नये, टायरची बाजू चिरते. आणि डांबर लागलं की परत भरायचीच, म्हणून पंप हवा. सिगारेट सॉकेटवर चालणारे छोटे पंप दुसऱ्या टायरलाच तापतात. बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या.

दोराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जीव जातो. गाडी ओढायचा साधा टो-पट्टा ताणला जात नाही, झटका दिला की काहीतरी तुटतं. कायनेटिक दोर वीस-तीस टक्के ताणला जातो आणि रुतलेल्या गाडीला हळूहळू ओढून काढतो. पण तो बांधायचा चेसीवरच्या भक्कम, त्याच कामाच्या हुकाला. ट्रकवर गाडी बांधायला दिलेल्या पातळ कड्याला किंवा ट्रेलर जोडायच्या गोळ्याला (टो-बॉलला) कधीच नाही. ते तुटलं तर गोळीसारखं सुटतं. दोरावर मधोमध ओलं घोंगडं टाका. आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो: गाडी रुतली की अर्धा गाव मदतीला येतं आणि सगळे नेमके दोराशेजारी उभे राहतात. "मामा, जरा तिकडं वर या" असं आधी सगळ्यांना सांगून मगच दोर ताणायचा. कॅमेरा धरणाऱ्यालाही हाच नियम. दोराजवळचं दृश्य हवं असेल तर तिथे ट्रायपॉड ठेवायचा, माणूस नाही.

पाणी ओलांडण्याचे नियम दोन्हीकडे उलटे आहेत. सह्याद्रीतला ओढा डोंगरावरच्या पावसावर चालतो. केळदकडे एका काकांनी अडवलं, "आत्ता नका घालू, वरचा पाऊस थांबलाय, तासाभरात उतरंल." उतरलं. स्पितीकडे जाताना ग्राम्फू ते लोसरच्या वाटेवरचे नाले बर्फ वितळून येतात. ते सकाळी शहाण्यासारखे वागतात आणि दुपारी उन्हाबरोबर फुगतात. तिथे पहाटे निघणं हाच उपाय. पेट्रोल मनालीत काठोकाठ भरायचं, पुढचा पंप थेट काझ्यात.

त्याच वाटेवर साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही आत असतो. या इंजिनाला हवा दाबून भरणारा टर्बो नाही, म्हणजे १०५ पीएस (अश्वशक्ती) ताकदीतले साठेकच हाताशी उरतात. वळणावर गाडी दम टाकते. पण लो रेंज टाकली की तीच गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चढते. फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर मात्र लावू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे नसल्याने वळताना सगळी यंत्रणा पिळली जाते.

आता चित्रीकरण. सगळ्यात मोठी निराशा ही की कॅमेऱ्यात चढ सपाट दिसतो. जिथे आमचे तळवे घामेजले होते, ती चढण घरच्यांना सोसायटीच्या पार्किंगचा उतार वाटली. वाइड लेन्सने हे आणखी बिघडतं. त्यावर उतारा असा: कॅमेरा बाजूला, चाकाच्या उंचीवर, आणि चौकटीत एखादं सरळ उभं झाड किंवा माणूस. क्षितिज आपोआप सरळ ठेवण्याची सोय बंद करा. तिने गाडीचा कलच पुसला जातो. कंपन घालवणारी सोयही कमीवर, नाहीतर धोंड्यांची वाट लोण्यासारखी दिसते.

आवाज वेगळा घ्या. एखादं चाक हवेत लटकलं की ही गाडी त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवते. त्यासाठी ॲक्सिलरेटर स्थिर धरावा लागतो आणि खालून करकर ऐकू येते. काही मोडलेलं नसतं, पण व्हिडिओत तसंच वाटतं, म्हणून तिथे मी बोलून सांगतो. कॅमेरा काचेला चिकटवणाऱ्या चोषक माउंटवर भरवसा नको. काचेवर लाल धूळ बसली की तो सुटतोच. म्हणून कॅमेरा नायलॉनच्या दोरीने गाडीलाही बांधलेला हवा. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपतात, त्या आतल्या खिशात ठेवायच्या.

आणि चित्रीकरण वेळ खातं. चांगल्या दृश्यासाठी एक जण उतरून पुढे चालत जातो, जागा पाहतो, हात करतो. पण त्या चालण्यातच वाट आधी पायाखालून जाते, आणि चाक कुठे टाकायचं ते कळतं. माझ्या मते चित्रीकरणाचा खरा फायदा हाच.

ड्रोन आम्ही नेत नाही. ड्रोन रूल्स, २०२१ प्रमाणे रेड झोनमध्ये, म्हणजे नकाशावर मनाई म्हणून दाखवलेल्या हवाई हद्दीत, केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, मग तो २५० ग्रॅमच्या आतला का असेना. आणि चांगलं दृश्य मिळतं म्हणून गाडी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, घालणारे पाहिले की डोकं फिरतं. जांभ्यावरची ती बोटभर माती आणि तिच्यातली रानफुलं एका चाकोरीने वर्षानुवर्षांसाठी जातात.

परतल्यावर गाडी खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, काळी माती वाळली तर छिन्नीने काढावी लागते. खोल पाण्यातून गेला असाल तर मिस्त्रीकडून दोन्ही ॲक्सलचं तेल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. खर्च फार नाही, दोन-अडीच तास जातात.