साखळी टाक्याचा सराव संच: वापरून आलेला अनुभव

भरतकामातला साखळी टाका, म्हणजे एकात एक गुंफलेल्या कड्यांचा टाका, शिकण्यासाठी घेतलेल्या या संचात छापील नक्षीचे सुती कापड, लाकडी रिंग, दोन सुया आणि सहापदरी धाग्याच्या लड्या आहेत. सूचनापत्रिका मला मनापासून आवडली, कारण सुई ज्या छिद्रातून वर आली त्याच छिद्रात ती पुन्हा घालायची, धाग्याचा फास डाव्या अंगठ्याखाली धरायचा आणि सुईचे टोक त्या फासातूनच बाहेर काढायचे, हा सगळा क्रम तिच्यात मोठ्या, स्पष्ट चित्रांतून दाखवला आहे. धागा हलकेच ओढला की थेंबासारखी कडी बसते. जोर लावला तर ती मिटते आणि कापडाला चुण्या पडतात, हे मला पहिल्याच ओळीत उमगले. मात्र शेवटची कडी बाहेरून छोटा टाका घालून अडकवायची असते, हे पत्रिकेत कुठेच सांगितलेले नाही, आणि त्यामुळे माझी पूर्ण झालेली एक वेल धागा ओढला जाताच टोकापासून सरसर उसवली. नवशिक्यांसाठीच्या साहित्यात ही उणीव मला गंभीर वाटते. सुयांची नेढी तीन पदरांना पुरेशी आहेत. कापडावरची निळी नक्षी दोनदा धुऊनही पुरती गेलेली नाही.