टीव्ही गार्डन: पानांच्या दाटीतील पिक्चर ट्यूब

दक्षिण कोरियात, सोलच्या दक्षिणेस असलेल्या योंगिन शहरातील नाम जून पाइक आर्ट सेंटरमध्ये ‘टीव्ही गार्डन’ हे मांडणशिल्प पाहायला जाणाऱ्याने त्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. त्यातील दूरचित्रवाणी संचांवर चालणारी ‘ग्लोबल ग्रूव्ह’ ही १९७३ची व्हिडिओकृतीच सुमारे २८ मिनिटांची आहे, आणि ती अर्धवट पाहून पुढे सरकणे म्हणजे बागेच्या फाटकातूनच परतण्यासारखे आहे.

व्हिडिओ कलेचे जनक मानले जाणारे पाइक (१९३२–२००६) यांनी १९७४ साली मांडलेली ही बाग दिसायला साधी आहे. शोभेच्या हिरव्यागार झाडांच्या दाटीत दूरचित्रवाणी संच ठेवलेले आहेत, आणि त्यांतले बरेचसे फुलांसारखे वर तोंड करून आडवे पडलेले आहेत. पडद्यांवर निसर्गदृश्ये नाहीत. तेथे टॅप नृत्य, कोरियन पंखानृत्य आणि शार्लट मूरमन यांचे चेलोवादन एकामागून एक येत राहते. शुया आबे या अभियंत्याच्या साहाय्याने बनवलेल्या व्हिडिओ सिंथेसायझरमधून, म्हणजे दृश्यांचे रंग-आकार बदलणाऱ्या यंत्रातून, पाइक यांनी त्या दृश्यांचे रंग वितळवले आहेत, आणि तोच रंगीत उजेड पानांच्या खालच्या बाजूवर थरथरत असतो. मला या कलाकृतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच: पडदा येथे पाहण्याची वस्तू न राहता बागेतला उजेड होतो, आणि एखादे पान पडद्यावर झुकून चित्र झाकते तेव्हा ते चित्र अपुरे वाटत नाही.

ध्वनीबाबत मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. गाणी इतक्या झटक्याने तुटतात की दुसऱ्या आवर्तनात कान थकतात.

पन्नास वर्षांनंतर या बागेला एक अर्थ नव्याने चिकटला आहे. वाळलेले झाड काढून त्या जागी रोपवाटिकेतून आणलेले दुसरे लावता येते; जुन्या संचांत चित्र उमटवणाऱ्या काचेच्या पिक्चर ट्यूबचे उत्पादन मात्र जगभरात जवळपास थांबले असल्यामुळे संच बंद पडला की तो दुरुस्त करणे किंवा त्याच्याजागी नव्या पद्धतीचा पडदा बसवणे एवढेच हाती उरते. सपाट पडदा बसवला तर फुगीर काचेतून पानांवर पसरणारा तो उजेड बदलतो, म्हणून शक्य असेल तोवर हे मांडणशिल्प जुन्या संचांसह पाहावे. पाहताना थोडे खाली वाकावे; उभ्याने केवळ पडदे दिसतात.