निराधारचा अर्ज भरून देणारं सेवा केंद्र: कामात पटाईत, गोपनीयतेत नापास

शेजारच्या काकूंचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला त्यांच्यासोबत तालुक्याच्या ठिकाणी गेले होते. केंद्राचं नाव देत नाही. कामाबद्दल तक्रार नाहीच. दरपत्रक भिंतीवर आहे, पावती मिळते, आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाला कुठला दाखला कुठे अपलोड करायचा हे तोंडपाठ आहे. सर्व्हर डाऊन झाला तरी तो कुणाला हाकलून देत नाही, तेवढ्या वेळात कागद तपासून ठेवतो.

पण हा अर्ज म्हणजे रेशनकार्डात नाव चढवणं नव्हे. महिन्याच्या १५०० रुपयांसाठी माणसाला स्वतःचं दुःख कागदावर मांडावं लागतं. विधवा, परित्यक्ता, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स, वेश्याव्यवसायातून सुटका झालेली स्त्री, असे त्यातले गट आहेत. आणि हे सगळं या केंद्रात विचारलं जातं ते भर गर्दीत, मागच्या बाकावर बसलेल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

आमच्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी घडी घातलेला डॉक्टरांचा दाखला काचेखालून सरकवला. मुलाने तो उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, "हा आजार कुठल्या गटात येतो रे?" आजाराचं नाव घेऊन विचारलं. मी ते इथे लिहिणार नाही. बाईंनी हात पुढे करून कागद परत घेतला, पदराआड धरला आणि निघून गेल्या. अर्ज राहिलाच. तो मुलगा वाईट नाही, त्याला दिवसभरात पन्नास अर्ज उरकायचे असतात. पण त्या बाईंचं हक्काचं अनुदान त्या एका वाक्यामुळे हुकलं, याचा मला अजून राग येतो.

दुसरी गोष्ट टोकनची. आमचा नंबर ज्या चिठ्ठीवर लिहून मिळाला, ती कुणाच्या तरी आधारकार्डाच्या झेरॉक्सचा फाडलेला तुकडा होती. मागे अर्धा फोटो आणि बाराच्या बारा आकडे स्पष्ट. आधार क्रमांक असा उघड करायला २०१६ च्या आधार कायद्यातच मनाई आहे. एचआयव्हीबद्दलची माहिती संमतीशिवाय फोडायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. केंद्रचालकांना चिठ्ठी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "ताई, कागद वाया जाऊ नये म्हणून." त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यासमोर फाडला, हे मात्र खरं.

लाभार्थ्यांची यादी लावूच नये असं माझं म्हणणं नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अनुदानाचे लाभार्थी कोण हे कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायचं असतं, आणि ते हवंच. त्याशिवाय मयताच्या नावावर पैसे उचलणारे सापडायचे कसे? पण त्यासाठी नाव आणि रक्कम पुरे. अनुदान कशामुळे मिळतं, कुठला आजार आहे, नवऱ्याने कधी टाकलं, हे गावाला कशाला?

जाणार असाल तर कारण तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या. कागदपत्रं मुलाच्या खासगी व्हॉट्सअॅपवर मागितली तर पेनड्राइव्ह न्या. काम झाल्यावर डेस्कटॉपवरचं तुमच्या नावाचं फोल्डर समोर डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. काकूंचं तसं करून घेतलं, मुलाने कुरकुर केली नाही. जास्तीच्या झेरॉक्स मोजून परत घ्या. जिथे आधारची फक्त प्रत लागते तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट निघतं.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही कामाच्या वेगाला. खिडकीजवळ एक पडदा, एक खुर्ची आणि खालचा आवाज एवढं झालं तर आणखी दोन आनंदाने देईन. काकूंचा अर्ज दाखल झालाय. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याला मात्र त्यांना दुसरीकडे नेणार आहे.