घरपोच ‘सूक्ष्म खनिज’ रक्ततपासणी : मधुमेही ग्राहकाचा अभिप्राय

मला अकरा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे आणि गेल्या वर्षभरापासून ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होते, म्हणून एका प्रयोगशाळेचे ‘मधुमेह आणि मुखआरोग्य’ नावाचे पॅकेज मी ३२०० रुपये भरून मागवले. त्यात जस्त, तांबे, सेलेनियम, क्रोमियम, मॅग्नेशियम आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर टक्क्यांत दाखवणारी तपासणी) एवढ्या तपासण्या होत्या. (मॅग्नेशियम खरे तर सूक्ष्म खनिजांत, म्हणजे शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागणाऱ्या खनिजांत, मोडत नाही, पण तो मुद्दा सोडून देऊ.)

रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी सातच्या ठोक्याला आला आणि त्याचा हातही हलका होता. मात्र त्याच्याकडे नेहमीच्या लाल आणि जांभळ्या टोपणांच्याच नळ्या होत्या. जस्त किंवा क्रोमियम मोजायचे असेल, तर या धातूंचा अंश नसलेली, गडद निळ्या टोपणाची खास नळी वापरावी लागते, कारण साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरू शकते आणि क्रोमियम तर सुईच्या पोलादातूनही मिसळू शकते. मी विचारले, तेव्हा “काका, सगळ्यांना ह्याच नळ्या असतात,” एवढेच उत्तर मिळाले. अहवालातील क्रोमियमचा आकडा मी त्यामुळे वाचून सोडून दिला.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला. जस्त ६४ आणि तांबे १५८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे जस्त कमी आणि तांबे जास्त, दोन्ही लाल अक्षरांत, आणि खाली जस्ताच्या गोळ्या घेण्याचा सल्ला. माझा मुख्य आक्षेप या सल्ल्याला आहे. शरीरात कुठेही दाह असला, की यकृत रक्तातील जस्त स्वतःकडे ओढून घेते आणि तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. म्हणजे हिरड्या सुजलेल्या माणसात हीच जोडी दिसणे अपेक्षित असते. साखर वाढलेली असताना लघवीवाटेही जस्त जाते, त्यामुळे खरी कमतरता असणे अशक्य नाही, पण ती या एका आकड्यावरून ठरत नाही. दाह मोजणारी सीआरपी ही साधी, स्वस्त तपासणी जोडली असती, तर निदान अर्थ लावता आला असता. शिवाय जस्ताच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास तांब्याची कमतरता होऊ शकते, याबद्दल अहवालात अवाक्षर नाही. मॅग्नेशियम ‘सामान्य’ आले, परंतु शरीरातील एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असते, त्यामुळे त्यावर निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

उपयोगी ठरला तो फक्त एचबीए१सीचा ८.४ हा आकडा. तो घेऊन मी दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी खुणांच्या सळईने हिरडी आणि दात यांमधील फटीची खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक समजतात, माझ्या दाढांपाशी ती सहा भरली. दोन बैठकांत मुळांपर्यंत सफाई झाली. अशा उपचाराने मधुमेहींचा एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ ने उतरतो, असे चाचण्यांत दिसले आहे. माझा ७.९ वर आला, अर्थात त्या काळात मी रोज चालतही होतो. नंतर दुसरीकडे निळ्या टोपणाच्या नळीतून जस्त पुन्हा तपासले; एकही गोळी न घेता ते ८१, म्हणजे सामान्य, होते.

पॅकेजला पाचपैकी दोन तारे : एक एचबीए१सीसाठी, दुसरा सातच्या ठोक्याला आलेल्या त्या मुलासाठी.