भावंडांची नावे जुळवून देणारी सल्लासेवा: एक अभिप्राय

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात बाळाच्या नावासाठी सल्ला देणारी एक छोटी सेवा चालते. पत्रिका, थोरल्या भावंडाचे नाव आणि घरच्यांची पसंती पाहून तेथे नावे सुचवली जातात. माझ्या भावाला मुलीच्या पाठीवर मुलगा झाला, थोरलीचे नाव रेवा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्या म्हणून माझा असल्याने या निवडीत मी पहिल्यापासून लक्ष घातले होते.

सुरुवातीला हाती येते ती छापील यादी, आणि तीच या सेवेची कच्ची बाजू आहे. रेयांश, रिवान, रुद्रांश अशी ‘र’ची नावे तीत सर्वांत वर होती, भावंडांची नावे जुळणे म्हणजे पहिले अक्षर किंवा यमक जुळणे, असे यादी करणाऱ्याने धरून चाललेले दिसते. वडिलांचे नाव आणि आडनाव दोघांचे एकच असते. त्यात पहिले अक्षरही सारखे आले, की पहिले अक्षर आणि आडनाव एवढेच लिहिलेला कागद बहिणीचा की भावाचा, हे कळत नाही. रेयांशपुढे छापलेला ‘सूर्याचा किरण’ हा अर्थ कसा निघतो, याचे समाधानकारक उत्तरही मिळाले नाही.

आपल्या जिल्ह्यातच याहून कितीतरी सरस नमुने आहेत. त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे ते निवृत्तिनाथ आणि त्यांची धाकटी भावंडे ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई यांच्या नावांत यमक नाही. पण निवृत्ती, ज्ञान, सोपान म्हणजे जिना आणि शेवटी मुक्ती, असा साधनेचा क्रम जन्मक्रमानेच लागतो. भगूरच्या सावरकर बंधूंपैकी थोरले गणेश आणि त्यांच्या पाठचे विनायक, ही दोन्ही नावे एकाच दैवताची असूनही हाक मारताना त्यांची गल्लत होत नाही.

प्रत्यक्ष बैठकीत सल्लागार बाईंनी नेमकी हीच दृष्टी ठेवली, म्हणून मी या सेवेची शिफारस करते. बाळाचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणातला, म्हणजे पत्रिकेप्रमाणे नावाचे पहिले अक्षर ‘ण’. ओढूनताणून काही न सुचवता, नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून येणारे नाव, पत्रिकेपुरते ठेवून हाकेचे नाव स्वतंत्र निवडावे, असे त्यांनी सांगितले आणि ते माझ्या आईलाही पटले. मग त्यांनी विचारले, रेवा हे नाव तुम्ही का ठेवले होते? रेवा म्हणजे नर्मदा, आणि वहिनीचे माहेर नर्मदाकाठचे, हे कळताच त्यांनी ‘ओंकार’ हे नाव पुढे केले, कारण ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंग नर्मदेतल्याच बेटावर आहे. दोन नावांत ध्वनीचे साम्य फारसे नाही, पण एकाची आठवण दुसऱ्याने व्हावी इतके ती जवळची आहेत.

त्यानंतर त्यांनी दोघांची पूर्ण नावे कागदावर लिहून मोठ्याने वाचायला लावली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाच्या निर्णयानुसार आईचे नावही येते. मूल, आई, वडील, आडनाव असा तो क्रम आहे. रेवा त्याआधीची असल्याने तिचे नाव तीन शब्दांचे, तर धाकट्याचे चार शब्दांचे होणार. लांबलचक नाव तेथे जड झाले असते, हे कानाला लगेच जाणवले. जन्मनोंदणी २१ दिवसांत करावी लागत असली, तरी नाव १२ महिन्यांपर्यंत विलंबशुल्काशिवाय घालता येते, तेव्हा बारशाच्या घाईपायी मन मारू नका, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

शुल्क १,५०० रुपये आहे. नुसत्या यादीसाठी ते फार झाले, बैठकीसाठी मात्र रास्त आहे. थोरल्याचे नाव ठेवून झाले आहे आणि धाकट्याचे अडले आहे, अशा घरांनी यादी बाजूला ठेवून थेट बैठकीची वेळ मागावी, आणि पहिले नाव का निवडले होते ते आधीच आठवून जावे.