लसीचा कागद बघून २२ डुकरं घेतली आणि बुडालो

बांद्याजवळ आमचं छोटं वराहपालन. नाताळात गोव्याची मागणी धरायची म्हणून सप्टेंबरात घाटावरच्या एका दलालाकडून तीन महिन्यांची २२ डुकरं घेतली. ५,२०० प्रमाणे १,१४,४००, टेम्पो ८,५००, दलाली २,०००. एकूण १,२४,९०० गाडी सुटण्याआधीच गूगल पेवर पाठवले. पंधरा वर्षं डुकरं पाळतोय, अडाणी नाही मी. पण हातात शिक्क्याचा दाखला होता.

टेम्पोतलं एक डुकर पुढचे पाय ताठ करून कुत्र्यासारखं बसलेलं, तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलत होतं. आई म्हणाली, "ह्यां असां कित्याक बसलां?" ड्रायव्हर म्हणाला, घाटाचा शीण. मीही तेच म्हटलं, वर आईवर खेकसलो. तेव्हाच फाळका लावून गाडी परत पाठवायची होती. तो क्षण डोळ्यांपुढून जात नाही.

सकाळी दोन मेली, नाकातोंडातून रक्ताचा फेस. चार दिवसांत नऊ. शिवाय भिंतीपलीकडची माझी घरची चार. नवी डुकरं महिनाभर लांब ठेवा, भिंतीआड नको. हा रोग नाकाला नाक लागून, खोकल्यातून पसरतो.

दाखल्यावरची लस होती स्वाइन फीवरची. तो विषाणूचा आजार. ही डुकरं मेली जिवाणूंच्या फुप्फुसरोगानं, प्ल्यूरोन्यूमोनियानं. शिक्का बघू नका, लसीचं नाव वाचा. आणि दाखला देणाऱ्या दवाखान्यात आधी फोन करा. मी नंतर केला, तिथे नोंदच नव्हती.

आजारी डुकर खात नाही, खाद्यातून औषध देऊन उपयोग नाही. सुई पहिल्याच दिवशी हवी. आमच्याकडे डॉक्टर आले चौथ्या दिवशी. रोज "साहेब मीटिंगला." शेवटचं डुकर फाडलं तर फुप्फुस काळंनिळं, बरगड्यांना चिकटलेलं. आधीची पुरली होती, म्हणून पंचनाम्यात एकच मेलेलं! पोलीस म्हणाले, तुमचा आपसातला व्यवहार. शिक्का खोटा आहे सांगितलं, तर म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात जा. तिथले म्हणतात, पैसे जिथून दिले तिथे जा. तीन खेपा, भाडंच २,१००.

वाचलेली १३ आता धडधाकट दिसतात, पण टॉन्सिलमध्ये जंतू राहतात, म्हणून कुणाच्या गोठ्यात द्यायची नाहीत. गेल्या आठवड्यात त्याच दलालाचा फोन: "उरलेली १,५०० नं द्या, पुढे गिऱ्हाईक आहे." माझी कुठून आली होती ते तेव्हा कळलं.