कॉलेजच्या फीसोबत येणारा स्टुडंट इन्शुरन्स: राहू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका

मुलगी यंदा बाहेर शिकायला गेली आणि अ‍ॅडमिशनच्या फीमध्येच एक स्टुडंट इन्शुरन्स लावलेला होता, ऑफिसात विचारलं तर "सगळं कव्हर आहे मॅडम" एवढंच उत्तर. तेवढ्यावर माझं समाधान होईना म्हणून पूर्ण पॉलिसी मागवून वाचून काढली, हेल्पलाइनवाल्यांचं डोकं खाल्लं, मधे मुलीचा एक क्लेमही होऊन गेला. कंपनीचं नाव देत नाही, कारण कॉलेजच्या बऱ्याच ग्रुप पॉलिसी याच छापाच्या असतात आणि तुमच्या हातात येईल ती दुसऱ्याच कंपनीची असेल.

तर पहिलं म्हणजे ही हेल्थ पॉलिसी नाहीच, पर्सनल अ‍ॅक्सिडेंट आहे. अपघाती मृत्यू, कायमचं अपंगत्व, आणि अपघात झाला तर दवाखान्याच्या खर्चाला एक छोटी मर्यादा, बास. आता 18-19 वर्षांची पोरं अ‍ॅडमिट कशामुळे होतात बघा ना, टायफॉइड, कावीळ, न्यूमोनिया, अपेंडिक्स. अपेंडिक्सचं दुखणं तर साधारण 10 ते 30 याच वयात जास्त उद्भवतं. यातलं काहीही अपघातात बसत नाही. मुलीच्या रूममेटचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तिच्या घरच्यांनी याच पॉलिसीत क्लेम टाकला आणि तो सरळ नाकारला, कारण काय तर हा आजार आहे, अपघात नाही. पॉलिसीप्रमाणे कंपनीचं बरोबर होतं, पण "सगळं कव्हर आहे" हे वाक्य त्या लोकांना किती महागात पडलं! मला राग आहे तो त्या वाक्याचा.

जे कव्हर आहे ते मात्र नीट मिळतं. आमची बास्केटबॉल खेळताना पडली, मनगट फ्रॅक्चर. एक्स-रेचा रिपोर्ट, डॉक्टरची चिठ्ठी, ओरिजिनल बिलं आणि कॉलेजचं पत्र एवढं दिलं, फारशी खळखळ न करता मर्यादेतले पैसे जमा झाले. अडलं एकाच ठिकाणी, मुलगी 18 पूर्ण आहे त्यामुळे हेल्पलाइनवाले क्लेमबद्दल माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत, म्हणे इन्शुअर्ड व्यक्ती सज्ञान आहे, तिचं संमतीपत्र लागेल. नियम योग्यच आहे, पण मुलगी हात प्लास्टरमध्ये घालून बसलेली असताना हे कळणं बरं नाही. तेव्हा मूल जायच्या आधीच तसं पत्र सही करून घ्या आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवा. हॉस्पिटलमधूनही हाच प्रश्न येऊ शकतो.

खरा आधार म्हणजे आमचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच हेल्थ पॉलिसी, मुलीला त्यात तसंच ठेवलंय. पण घरात चालणारी पॉलिसी बाहेरगावी तशीच चालेल असं नाही हां. तिच्या कॉलेजच्या जवळपास नेटवर्क हॉस्पिटल (कंपनीशी करार असलेलं, जिथे बिल कंपनी परस्पर भरते, म्हणजे कॅशलेस) कुठलं ते बघा, आणि वेबसाइटवरच्या यादीवर जाऊ नका, त्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला फोन करून "या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का" असं विचारा, कारण करार बंद पडतात आणि यादीत नाव राहून जातं. नेटवर्कबाहेर गेलात तर बऱ्याचदा आधी खिशातून भरा मग रीइम्बर्समेंट, आणि रात्री अकरा वाजता डिपॉझिट मागितलं तर ते पोर कुठून आणणार?

दुसरं, रूम रेंटची मर्यादा. ही लोकांना कळतच नाही. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली तर फक्त खोलीचं जास्तीचं भाडं आपल्याला पडेल असं वाटतं, पण बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हे पण त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे त्या रकमेतलेही निम्मेच मिळणार. मुलीला एकच गोष्ट पाठ करायला लावलीय, अ‍ॅडमिट करताना "माझ्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या" म्हणायचं.

आणि फ्लोटरची रक्कम सगळ्यांत मिळून असते. त्याच वर्षी घरात कुणाची बायपास झाली तर पोरीच्या वाट्याला काय उरतं? रिस्टोर बेनिफिट (रक्कम संपली तर ती परत भरून मिळायची सोय) आहे का, आणि तो वर्षातून किती वेळा चालतो, ते बघून ठेवा. आम्ही वर एक टॉप-अपही घेतला, ठरलेल्या डिडक्टिबलच्या (तेवढा खर्च आपण किंवा फ्लोटरने भरायचा) वरचा खर्च तो देतो म्हणून प्रीमियम तुलनेने कमी बसतो.

एका गोष्टीवर मी नाखूश आहे ती म्हणजे समुपदेशन. मानसिक आजार बऱ्याचदा याच वयात, विशीच्या आतबाहेर सुरू होतात, घर सुटलेलं असतं, अभ्यासाचं ओझं, आणि तरी कौन्सेलरची फी ओपीडीत, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांत, जाते म्हणून दोन्ही पॉलिसींत शून्य. अ‍ॅडमिट झालं तरच पैसे. हे फार चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे, मूल अ‍ॅडमिट होण्याच्या अवस्थेला पोचण्याआधीच त्याला मदत मिळाली पाहिजे. ओपीडीचा रायडर (पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर) मिळत असेल तर त्यात मानसोपचार धरलेत का ते लेखी विचारा.

लॅपटॉपचा चोरीचा विमा घ्यायचा असेल तर एवढं वाचा की चोरी कशाला म्हटलंय, कारण कुलूप तोडल्याची खूण नसेल तर बऱ्याच ठिकाणी क्लेम बसत नाही, आणि हॉस्टेलच्या खोल्या तर सताड उघड्या असतात. वर घसारा कापून पैसे. आम्ही नाही घेतला.

कॉलेजच्या पॉलिसीला पाचपैकी अडीच देईन, अपघातापुरती ठीक. ज्यांची मुलं आत्ता जाणार आहेत त्यांनी फ्लोटरमध्ये मुलांची वयोमर्यादा किती आहे ते बघा, प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. ती संपायच्या आत त्याच कंपनीकडे मुलाची वेगळी पॉलिसी करून जुन्या वर्षांचं क्रेडिट मिळतंय का ते लेखी घ्या, नाहीतर जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) परत पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. आमच्या मुलीला दमा आहे, त्यामुळे मी एजंटकडून ते ईमेलवर आधीच मागून घेतलंय.